एसटीचं डिझेल आणि शाळेचा पट

१७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळांत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. त्यानंतरचे तेरा दिवस लहान शाळांतले गुरुजी कुणाशी धड बोलत नाहीत. डोक्यात एकच तारीख असते, ३० सप्टेंबर.

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात एका वस्तीवर मी हे जवळून पाहिलं. दोन खोल्यांची शाळा, पत्र्याचा व्हरांडा, अठरा लेकरं. गुरुजी संध्याकाळी मोटारसायकल घेऊन एका घरी आले होते. पोराचं नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘कृष्णा’, आधार कार्डावर ‘क्रिष्णा’. दोन्ही जुळेनात, म्हणून संगणकाच्या लेखी ते लेकरू शाळेतच नव्हतं. रोज पहिल्या ओळीत बसून मोठ्यानं पाढे म्हणणारं लेकरू! गुरुजी आईला सांगत होते, “ताई, उद्या तालुक्याला चला, आधार दुरुस्त करू. एक दिवसाची मजुरी बुडंल, पण चला.” आईचं म्हणणं साधं होतं. पोरगं तुमच्या डोळ्यांपुढं बसतंय, मग कागदाचं एवढं काय?

कागदाचं एवढं काय, हेच या लेखात उलगडून बघू. दरवर्षी बातमी येते की अमुक जिल्ह्यात इतके शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरले, तमुक शाळा बंद होणार. वाचणाऱ्याला वाटतं, हा शिक्षकांच्या बदल्यांचा मामला आहे. खरं तर तो पैशाचा मामला आहे. सरकारचा पैसा कोणत्या लेकरापर्यंत किती पोचायचा, हे त्यातून ठरतं.

पट आणि संचमान्यता

पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या, हे सगळ्यांना माहीत आहे. ३० सप्टेंबरचा, आधारशी जुळलेला पट धरून शासन ठरवतं की या शाळेला किती शिक्षक मंजूर. त्या मंजुरीला संचमान्यता म्हणतात. मंजूर पदांपेक्षा जास्त शिक्षक असतील तर वरचे ‘अतिरिक्त’, आणि त्यांची रवानगी दुसऱ्या शाळेत.

किती मुलांमागे किती शिक्षक, याचा पाया २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा त्याचा गाभा. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी एक तक्ता आहे: ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. पहिली ओळ नीट वाचा. तिथं ‘तीस मुलांमागे एक’ असं लिहिलेलं नाही. ‘साठपर्यंत दोन’ असं आहे. म्हणजे मुलं अठरा असोत की अठ्ठावन्न, शिक्षक दोन. माझ्या मते अख्ख्या कायद्यात समतेची सर्वात ठोस ओळ हीच आहे, आणि सध्याची सगळी ओढाताण तिच्याभोवतीच चालली आहे.

राज्यानं १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले. त्यात कमी पटाच्या शाळांना झळ बसली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शिक्षक रजा टाकून मोर्चे काढायला उतरले. मोर्चाच्या बातम्यांत ‘शिक्षकांचा संताप’ एवढंच छापून आलं. वस्तीवरच्या आईचा त्यात काय संबंध, हे कुणी सांगितलं नाही.

शाळेला पैसा येतो कुठून

जिल्हा परिषदेच्या शाळेचा पैसा म्हणजे तीन नळ जोडलेली टाकी समजा.

पहिला नळ सर्वात मोठा, राज्य सरकारचा. शिक्षकांचे पगार त्यातून होतात. शाळेवरच्या खर्चातला मोठा वाटा हाच. शाळा जिल्हा परिषदेची असली तरी पगाराचा पैसा मुंबईहून येतो.

दुसरा नळ ‘समग्र शिक्षा’चा. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान आणि आणखी दोन योजना एकत्र करून ही योजना झाली. यात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. गणवेश, पाठ्यपुस्तकं, शाळा अनुदान, काही बांधकाम हे यातून.

तिसरा नळ गावाचा. ग्रामपंचायतीचा निधी, लोकवर्गणी, एखाद्या कंपनीनं दिलेले संगणक. लोकवर्गणीचं मराठवाड्याला अप्रूप आहे आणि त्याला कारणही आहे. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. तेव्हा हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी यांसारख्या शाळा लोकांनीच पोसल्या, आणि स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायला होते. ती पुण्याई मोठी. पण आज लोकवर्गणीवर शाळा सुधारायची म्हटलं की ज्या गावात कापसाचे व्यापारी आणि नोकरदार आहेत, तिथं डिजिटल फळा लागतो, आणि ज्या तांड्यावर सगळेच मजूर आहेत, तिथं खिडकीला पुठ्ठा लागतो. तिसऱ्या नळाचं पाणी उताराकडं नाही, चढाकडं वाहतं.

एकतिसाव्या लेकराची किंमत

आता थोडा हिशेब, कारण गोम इथंच आहे.

समग्र शिक्षेच्या निकषात शाळेला वर्षाला एकत्रित शाळा अनुदान मिळतं. खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, वीजबिल असा खर्च त्यातून भागवायचा. ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये. ३१ ते १०० मुलांना २५,०००. १०१ ते २५० ला ५०,०००.

अठरा मुलांच्या शाळेला महिन्याला आठशे तेहतीस रुपये पडतात. पाण्याची मोटर जळाली की त्या तिमाहीचं अनुदान संपलं.

मुलामागे बघितलं तर गंमत आणखी वाढते. ३० मुलांच्या शाळेत दर मुलामागे ३३३ रुपये. एक लेकरू वाढून ३१ झाले की दर मुलामागे ८०६. तेच शंभर मुलांच्या शाळेत २५०, आणि एकशे एकाव्या मुलानं पाऊल ठेवलं की ४९५. म्हणजे एकतिसावं लेकरू एकटं पंधरा हजारांचं. गुरुजी मोटारसायकल घेऊन का हिंडतात, ते आता लक्षात येईल. याच जिन्याची मोठी पायरी शिक्षकांच्या तक्त्यात आहे: साठ मुलं तर दोन शिक्षक, एकसष्ट तर तीन.

हे कुणी वाईट हेतूनं केलेलं नाही. संख्येवर पैसा वाटणं सोपं असतं, तपासायला सोपं असतं, आणि वरवर न्याय्यही दिसतं. सगळ्यांना एकच फूटपट्टी. फक्त त्या फूटपट्टीत तो तांडा रस्त्यापासून किती आत आहे, तिथल्या आईबापांना वाचता येतं का, लेकरू वर्षातले किती महिने गावात असतं, यातलं काहीच मोजलं जात नाही.

एसटीचं डिझेल

गेवराई आगारातून वस्तीवर मुक्कामी जाणारी एसटी घ्या. तिच्यात आठ माणसं असोत की पन्नास, डिझेल जवळपास तेवढंच जळतं. चालक एक, वाहक एक. प्रवासी मोजून डिझेल भरतो म्हटलं तर आठ माणसांची गाडी अर्ध्या वाटेत बंद पडेल.

शाळेचंही तसंच. पहिली ते पाचवी पाच वर्ग आहेत. मुलं अठरा असली तरी वर्ग पाचच. दोन शिक्षक असतील तर एक जण पहिली-दुसरी सांभाळतो, दुसरा तिसरी ते पाचवी. त्यातला एक केंद्रशाळेतल्या बैठकीला गेला, किंवा मतदारयादीच्या कामाला लागला, की दुसऱ्याकडे पाचही वर्ग आणि शिवाय शिजत असलेली खिचडी. कायद्यानं जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढी कामं शिक्षकांना लावता येतात, पण कागदपत्रं भरण्याचं काम कुठल्याच यादीत बसत नाही आणि सगळा वेळ तेच खातं.

आता दोनाचा एक शिक्षक करा. कागदावर खर्च निम्मा झाला, मुलामागे शिक्षकांचं प्रमाण तर अजूनही ‘उत्तम’च दिसेल: अठराला एक! शहरातल्या पालकाला हे ऐकून हेवा वाटेल. प्रत्यक्षात तो एक माणूस आजारी पडला की शाळेला कुलूप.

आणेवारीचं, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजाचं, दुखणं मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. सरासरी पन्नास पैशांच्या वर निघाली की दुष्काळ नाही, मग तुमच्या शिवारात कणीस भरलं नसलं तरी. शाळांच्या सरासरीचंही हेच होतं.

कोयता आणि कॅलेंडर

बीड जिल्ह्यात, आणि कमी-अधिक प्रमाणात जालना, परभणी, धाराशिवच्या काही भागांत, वर्षाचे दोन भाग पडतात: कोयत्याआधी आणि कोयत्यानंतर. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडं किंवा कर्नाटकाकडं साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. लेकरांना मागं ठेवायला म्हातारी माणसं घरी असतील तर बरं, नाहीतर लेकरंही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत.

पटाची मोजणी सप्टेंबरअखेर होते. तेव्हा लेकरू गावात असतं. नोव्हेंबरात ते उसाच्या फडात असतं. पट तसाच, हजेरी निम्मी. मार्चमध्ये परत आलेलं पोर तिसरीच्या पुस्तकात जिथं बसतं, तिथून वर्ग कधीच पुढं गेलेला असतो.

यावर उपाय केलेलेच नाहीत असं नाही. हंगामी वसतिगृहाची योजना आहे: मुलांनी गावातच, बहुधा आजी-आजोबांकडे राहायचं आणि त्यांच्या जेवणाची सोय शासनानं करायची. स्थलांतर करणाऱ्या मुलाला ‘शिक्षण हमी पत्रक’ मिळतं, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहं आहेत. पण हंगामी वसतिगृहाची मंजुरी गाडी निघायच्या आधी हातात यायला हवी. आजी विचारते, “जेवणाचं कवा सुरू व्हणार?” त्याला पक्की तारीख नसेल तर ती पोराला ट्रॉलीत बसवते. पैसा किती याच्याइतकंच पैसा कधी, हेही महत्त्वाचं. डिसेंबरात आलेलं ऑक्टोबरचं अनुदान पंगत उठल्यावर आलेल्या जिलबीसारखं.

‘मग लहान शाळा एकत्र करा की!’

हा आक्षेप खोडसाळ नाही. २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयानं ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागवले. तेव्हाचा आकडा असा: राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे सरासरी एका शाळेत साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं पुढं ठेवली गेली. मोठी शाळा, प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक, मैदान, खेळगडी. पाच मुलांच्या वर्गात कबड्डीचा एक संघसुद्धा होत नाही, हे मान्यच करायला हवं.

अडचण रस्त्याची आहे. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, सहावी ते आठवीची तीनच्या आत, असं आपले नियम सांगतात. लांबच्या मुलांना समग्र शिक्षेत वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत. शाळेचे दोनशे दिवस धरले तर दिवसाला तीस रुपये. सहा वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून, जुलैच्या काळ्या मातीच्या चिखलातून, तीस रुपयांत रोज नेणारी-आणणारी रिक्षा मला दाखवा. जिथं डांबरी रस्ता आहे, गाडी वेळेवर येते आणि पालकांनी ग्रामसभेत हो म्हटलं आहे, तिथं शाळा जरूर एकत्र कराव्यात. गाडी आधी, कुलूप नंतर. आपल्याकडं क्रम उलटा होतो. आणि मग पाचवीनंतर गळते ती बहुतेक वेळा मुलगी.

‘एवढ्या पैशांत खासगी शाळेत घालता येईल’

समजा दोन शिक्षकांचा मिळून पगार महिन्याला एक लाख वीस हजार आहे. अठरा मुलांवर वर्षाचे चौदा लाख चाळीस हजार, म्हणजे मुलामागे ऐंशी हजार. (आकडा समजण्यापुरता घेतलाय. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून १६,००० मानधन असतं.) लोक विचारतात, हेच ऐंशी हजार आईबापाच्या हातात द्या ना!

द्या. पण वस्तीवर दुसरी शाळा आहे कुठं? खासगी शाळा जिथं फी भरणारे पालक दाटीवाटीनं राहतात, तिथं उघडते. शिक्षण हक्क कायद्यातली २५ टक्के राखीव प्रवेशाची तरतूद बघा. विनाअनुदानित खासगी शाळेत चौथा हिस्सा जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना, फीची भरपाई सरकारची, राज्यात मुलामागे १७,६७० रुपयांपर्यंत. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड शहरांतल्या रिक्षावाल्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या पोराला तिचा खरा उपयोग झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. बरं झालं. पण या तरतुदीनं तांड्यावरच्या पोराच्या आयुष्यात काडीचा फरक पडत नाही. त्याच्यापुढं शाळा एकच.

लातूर पॅटर्नचं आपल्याला कौतुक आहे, असायलाही हवं. पण तो पॅटर्न दहावीनंतर सुरू होतो. तिसरीत वाचता न आलेलं लेकरू त्या दारापर्यंत पोचतच नाही.

‘पगार घेतात, पण शिकवतात कुठं?’

काही शिक्षक शिकवत नाहीत, हे खरंच आहे. तालुक्याच्या गावी राहून दुपारी बाराला शाळेत उगवणारे मी पाहिलेत. त्यांच्यावर कारवाई व्हायला हवी आणि ती केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी यांच्या पातळीवर होऊ शकते. तिथलीच पदं जागोजागी प्रभारी असतात, हा वेगळा विषय.

पण हा युक्तिवाद शाळेचा पैसा कापायला वापरला जातो तेव्हा मला राग येतो. डॉक्टर उशिरा येतो म्हणून कुणी दवाखाना पाडत नाही. उलटीकडं, नुसता पैसा ओतून शिकणं वाढत नाही हेही तितकंच खरं. खोल्या रंगल्या, स्मार्ट टीव्ही लागला, आणि चौथीतलं पोर अजून जोडाक्षरावर अडतंय, असं चित्र दुर्मीळ नाही. केंद्राच्या ‘निपुण भारत’ मोहिमेनं २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि साधी गणितं करता यावीत, हे उद्दिष्ट ठेवलंय. उद्दिष्ट बरोबर आहे. त्यासाठी लागतो तो पहिली-दुसरीला पूर्ण वेळ देणारा माणूस, आणि एकशिक्षकी शाळेत तोच नसतो.

सारखं वाटप म्हणजे न्याय्य वाटप नव्हे

घरात दोन लेकरं. एक तापातून उठलेलं. आई दोघांना मोजून सारखी भाकरी वाढते का? उठलेल्याच्या ताटात दुधाचा पेला जास्तीचा येतो, आणि दुसऱ्याला त्यात अन्याय वाटत नाही.

हे तत्त्व देशाच्या कारभारात आधीपासून आहे. केंद्राचा कर राज्यांत वाटताना पंधराव्या वित्त आयोगानं ४५ टक्के भार एका निकषाला दिला: राज्य सर्वात श्रीमंत राज्यांपासून उत्पन्नात किती मागं आहे. जितकं मागं, तितका वाटा जास्त. इंग्लंडमध्ये २०११ पासून गरीब घरातल्या मुलामागे शाळेला जादा रक्कम मिळते. आपल्या राज्यघटनेतल्या ३७१(२) कलमानं विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची सोय केली. मंडळं १९९४ मध्ये झाली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून आपण अनुशेष मोजतो आहोत. सिंचनाचा, रस्त्यांचा. पण अनुशेष जिल्ह्याचा मोजतात. शाळेचा, वस्तीचा कुणी मोजत नाही.

मला विचाराल तर क्रम असा हवा. आधी तळ: पट काहीही असो, दोन शिक्षक, वीज, पाणी, मुलींना वापरता येणारं स्वच्छतागृह, याला हात लावायचा नाही. मग गरज: स्थलांतरित मुलं, पहिल्यांदाच शाळेत आलेली पिढी, तांडा, आडवाट, यांना मुलामागे जास्तीचा भार. आणि शेवटी पट. आज आपण शेवटापासून सुरुवात करतो.

पैसा आहे का, हा प्रश्न येणारच. कोठारी आयोगानं १९६६ मध्येच राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंही तेच ६ टक्के लिहिलं. प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर आपण भरतोच, आणि उपकर राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, तो केंद्राकडेच राहतो. तेव्हा प्रश्न तिजोरीचा आहे तसाच तो प्राधान्याचाही आहे.

आराखडा नावाची फाइल

शेवटची गोष्ट फार कमी पालकांना माहीत असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळेचा विकास आराखडा बनवते, आणि सरकारच्या अनुदानाचा आधार तो आराखडा असावा, असं कायदाच सांगतो. म्हणजे वरून खाली येणाऱ्या पैशाला खालून वर जाणारा कागद.

त्या वस्तीवरच्या शाळेतली ही फाइल गुरुजींनी मला दाखवली. गेल्या पाच वर्षांचे आराखडे एकमेकांच्या झेरॉक्स. तारीख बदललेली, बाकी सारं तेच. ‘गरज’ या रकान्यात पाचही वर्षं ‘संरक्षक भिंत’. खाली समितीच्या सह्या, त्यातल्या चार अंगठे.

“कोयत्यावर किती लेकरं जातात, ते यात कुठं लिहिलंय?” मी विचारलं.

गुरुजींनी पानं उलटली. “त्याला रकानाच नाही,” ते म्हणाले. मग थोडं थांबून पेन काढलं, आणि भिंतीच्या खाली उरलेल्या जागेत सात नावं लिहिली. सातवं नाव कृष्णा होतं, शाळेच्या रजिस्टरात आहे तसं.